दुपारच्या सत्राचा अर्ज

रविवारी शाळेत दहाची बैठक म्हणजे सर पावणेदहालाच वर्गातल्या खुर्चीत. घरात त्यांना सगळेच सर म्हणत. मुलगे म्हणत, सुना म्हणत, आणि नातवंडांनी बोबड्या वयात ‘सरआजोबा’ असा जो मधला मार्ग काढला होता, तो आजतागायत चालू होता. शाळा त्यांनी काढलेली आणि शाळेची संस्था म्हणजे घरातलीच पाच माणसं. त्यामुळे स्वयंपाकघरातलं भांडण शिक्षकखोलीत जायला मधलं पटांगण ओलांडण्याइतकाच वेळ लागे. धाकट्या सुनेलाही संस्थेत घ्यायचं एकदा ठरलं होतं. ती म्हणाली, “घरात फुकट ऐकते तेच परत खुर्चीत बसून कशाला ऐकू?” आणि ती सुटली.

पाचवं माणूस आज पहिल्यांदाच बसणार होतं, ते म्हणजे तिची मुलगी, घरातली धाकटी. एकवीस पूर्ण होऊन तिचं नाव विश्वस्तांत लागलं तेव्हा ती परदेशात होती, एका लोकप्रतिनिधीच्या ऑफिसात शिकाऊ म्हणून. तीन आठवड्यांच्या सुट्टीवर आलेली. गुरुवारी परत जायची होती.

“आधी तो व्हिडिओ लाव गं,” मोठी काकू म्हणाली. ती शाळेची मुख्याध्यापिका. काका गेल्यापासून शाळेचा गाडा तिनेच ओढला होता, आणि ओढते आहे हे ती कुणाला विसरूही देत नसे. “सरांनी अजून नीट पाहिलेला नाही.”

“सतरा वेळा पाहिलाय त्यांनी,” दादा, म्हणजे काकूचा मुलगा, म्हणाला. “अठराव्यांदा लाव.”

व्हिडिओ तिकडच्या त्या लोकप्रतिनिधी बाईंचा. त्यांना सगळे सिस्टर म्हणत. राजकारणात यायच्या आधी बावीस वर्षं त्या परिचारिका होत्या. तिथे जाऊन राहिलेल्या आपल्या माणसांसाठी, आणि आपल्यासारख्या आणखी दहा प्रकारच्या माणसांसाठी, त्या एकट्या सभागृहात भांडत. दवाखान्यात दुभाष्या हवा, कोर्टात हवा, शाळेत आईबापांशी त्यांना कळेल असं बोला. स्वतः त्या तिथल्याच, बहुसंख्यांतल्या. भाषेवाचून त्यांचं जन्मात कधी अडलं नव्हतं, तरी. म्हणून तर सरांनी त्यांचा वर्तमानपत्रातला फोटो कापून शिक्षकखोलीच्या फलकावर लावला होता. फोटोत त्यांच्या मागे अर्धी धाकटी दिसत होती.

फोनच्या पडद्यावर सिस्टर उभ्या राहिल्या. ठेंगण्या, चष्मा नाकावर घसरलेला. समोर समितीचे नऊ सभासद. आणि त्या बाईंनी चक्क आपल्या भाषेतलं एक पत्र वाचायला घेतलं.

“तुम्ही माझ्या बायकोचा पाय कापलात. त्याआधी माझ्या हातात पेन दिलंत आणि हसलात. कागदावर काय होतं ते मला आजही माहीत नाही.”

“उच्चार कसले बाई तिचे!” काकू हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. “पण वाचतेय बघा कशी. एक शब्द सोडत नाही.”

“माणूस मोठा असला की असा असतो,” सर म्हणाले. “आपल्या लोकांसाठी परक्या बाईने एवढं करावं! आणि आपली पोरगी तिच्या हाताखाली आहे. आणखी काय पाहिजे?”

धाकटीने फोन उलटा करून ठेवला. लाजली असेल, असं काकूला वाटलं. पोर लहानपणापासून तशीच होती, कौतुक झालं की खाली बघायची. काकूने खूश होऊन विषयपत्रिका पुढे ओढली.

पहिले दोन विषय चहा गार व्हायच्या आत संपले. तिसरा होता दुपारचं सत्र बंद करण्याचा. दुपारी कालव्यापलीकडच्या वस्तीतली मुलं येत, एकशे बारा. त्यांची भाषा वेगळी. सकाळी गावातली येत, सहाशेच्या वर. दुपारसाठी शिक्षक टिकत नव्हते, आणि दादाला त्या वेळात संगणकाचे वर्ग सुरू करायचे होते. वस्तीतल्या मुलांना हमरस्त्यापलीकडची दुसरी शाळा होतीच की. तो रस्ता ओलांडून किती जातील, हा प्रश्न कुणी काढला नव्हता.

या संस्थेत बहुमत चालत नसे. पाचच्या पाच सह्या हव्यात, असा सरांचा नियम. बाहेरच्यांना त्याचं भारी कौतुक. खरी गोष्ट अशी की पहिली सही सर करत, आणि तिच्याखाली ‘नाही’ म्हणायची कुणाची छाती नव्हती.

“वस्तीतल्या पालकांचा अर्ज आला आहे,” काकूने वाचलं. “त्याचं सार असं: पालक संस्थेचे ऋणी आहेत. संस्थेच्या निर्णयाचा त्यांना आदर आहे. शक्य झाल्यास मुलांच्या सोयीचा सहानुभूतीने विचार व्हावा, ही नम्र विनंती. म्हणजे तशी तक्रार काही नाही. सर, सही करता?”

सरांनी पेनाचं टोपण काढलं.

*

धाकटीने झटकन वर पाहिलं. ‘सहानुभूतीने विचार व्हावा.’ हेच वाक्य तिने स्वतः लिहिलेलं होतं, तिकडच्या भाषेत, दुसऱ्याच एका माणसाच्या नावावर, सहा हजार मैलांवर बसून.

“काकू, मूळ अर्ज आहे?”

“आहे ना. फायलीत. पण तो त्यांच्या भाषेत आहे. लिपी आपलीच, भाषा त्यांची. मी आपल्या शिपायाकडून समजून घेतला. तो वस्तीतलाच आहे.”

“मला तो ऐकायचाय. सही व्हायच्या आधी.”

दादा खुर्चीत मागे रेलला. “झालं! पहिल्याच बैठकीत. अगं, सार काढलंय ना आईने?”

“मीपण सार काढलं होतं, दादा.” तिचा आवाज चिरकला, आणि तिला त्याचाच राग आला. “तुम्ही तो व्हिडिओ बघताय ना, सतरा वेळा? तो माझ्या घोडचुकीचा व्हिडिओ आहे.”

दादाने रेललेली खुर्ची सरळ केली.

मग ती भडाभडा बोलली. सिस्टरचं ऑफिस चपलादुरुस्तीच्या दुकानावर, दोन खोल्यांचं. तिथे रोज पन्नास-साठ पत्रं येत. आपल्या भाषेतली पत्रं धाकटीच्या टेबलावर. व्हिडिओतलं ते पत्र, रेल्वेस्टेशनवरच्या एका म्हाताऱ्या हमालाचं, आलं तेव्हा ती नवी होती. पत्र उद्धट वाटलं तिला. कोरडंठाक, ना मायना, ना आभार. अशाने याचंच नुकसान होईल, असं तिला मनापासून वाटलं.

“आपल्या घरात काय शिकवलं? अर्ज कसा करायचा? आधी आदर, मग अडचण, शेवटी विनंती. आठवीच्या निबंधापासून तेच. मी त्याचं पत्र भाषांतरात तसं करून टाकलं. छान नेटकं. सिस्टरनी ते समितीपुढे ठेवलं. समितीचे अध्यक्ष म्हणाले, या गृहस्थांना तर रुग्णालयाबद्दल आदर आहे, मग तक्रार कुठे आहे? आणि विषय निकालात. दोन मिनिटांत.”

“मग तू काय केलंस?” बाबांनी, म्हणजे धाकटीच्या वडिलांनी, विचारलं.

“रडले. मग सांगितलं. वाटलं, हाकलून देतील. त्या सफरचंद खात होत्या, त्या बियांसकट खातात. म्हणाल्या, कोट घाल. दोन बस बदलून त्या हमालाच्या घरी घेऊन गेल्या मला. म्हणाल्या, तू लिहिलेलं यांना यांच्या भाषेत वाचून दाखव. मी वाचलं. त्याची बायको कॉटवर बसून ऐकत होती. त्या हमाल आजोबांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे कुणाचं पत्र आहे, पोरी?”

काकूने नकळत सारांशाच्या कागदावर हात ठेवला.

“येताना बसमध्ये त्या एवढंच म्हणाल्या की तू चांगल्या मनाने केलंस, म्हणून तर मला जास्त भीती वाटते. आणि मग चार दिवस, रोज सकाळी तास-तास, माझ्याकडून ते मूळ पत्र शिकल्या. साठीची बाई! एकेक अक्षर घोटवून घेतलं. पुढच्या बैठकीत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मागच्या वेळी मी या सभेपुढे खोटं पत्र ठेवलं. चूक माझ्या ऑफिसची, म्हणजे माझी. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. आजपर्यंत नाही. आता तिकडे नियमच झालाय. मूळ पत्र आधी मोठ्याने वाचायचं, समोरच्याला कळो न कळो, मग भाषांतर. दुभाष्यांचा ठराव त्या महिन्यात मंजूर झाला. मी परत जाणार आहे ती त्या बाईसाठी. तिच्यासारखं मला व्हायचंय. आणि तुम्ही मला इथे त्याच चुकीवर सही करायला सांगताय.”

“म्हणजे मी खोटं लिहिलं?” काकूचा चेहरा लाल झाला होता. “एकोणतीस वर्षं या शाळेत घातली मी! कालची पोरगी येऊन मला—”

“काकू, मी तुला नाही, मी मला म्हणतेय.”

“सूनबाई,” सर म्हणाले, “काढा तो अर्ज. वाचू दे तिला.”

*

बाबा पोरीकडे बघत होते. विमानतळावर तिला घ्यायला गेल्यापासून त्यांच्या मनात एकच घोर होता, की ही तिकडचीच होणार. आताही तो होताच. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी उफाळून आलं होतं, आणि ते लपवायला त्यांनी उगाच चष्मा पुसायला घेतला.

धाकटी उभी राहिली. वहीच्या फाडलेल्या पानावर दोन्ही बाजूंनी गिचमिड अक्षरं होती. एकही शब्द तिला कळत नव्हता. अडखळत, कुठे तोडायचं ते न समजता, ती वाचत गेली. दादाला आधी हसू येत होतं. मग त्याचं लक्ष सरांकडे गेलं.

सर ऐकत होते. नुसते ऐकत नव्हते, त्यांना कळत होतं.

“सर, तुम्हाला येते ही भाषा?” बाबांनी विचारलं. साठीला आलेला मुलगा, आणि बापाबद्दल हे त्याला ठाऊक नव्हतं.

“यायची,” सर म्हणाले. “शाळा काढायच्या आधी वर्षभर वस्तीत राहिलो होतो मी. चोविसाव्या वर्षी. पहिली अकरा मुलं तिथलीच होती.”

“मग ती दुपारी कशी गेली?”

“गावातली वाढली. वर्ग पुरेनात. म्हटलं, तात्पुरतं.”

“किती वर्षं झाली?”

सर बोटांवर मोजू लागले. काकूच म्हणाली, “एकोणतीस. मी शाळेत आले त्याच वर्षी.”

“काय लिहिलंय, सरआजोबा?” धाकटीने कागद त्यांच्यापुढे ठेवला.

“लिहिलंय की... सरांचे फार उपकार आहेत, आणि...” ते थांबले. मान हलवली. “नाही. उपकार हा शब्दच नाही यात. बघ, माझ्याही तोंडात तेच आलं.” आणि बोट ओळीवर ठेवून, लहान मुलासारखं, ते एकेक वाक्य आपल्या भाषेत सांगू लागले.

“सर, शाळा आमच्या पोरांपासून सुरू झाली. आता आमची पोरं दुपारी येतात. टाकीत पाणी नसतं. प्रयोगशाळेला कुलूप असतं. फळ्यावर सकाळचं लिहिलेलं असतं, ते आमची पोरं पुसतात. आपसांत आमची भाषा बोलली तर बाकावर उभं करतात. त्याच बाकावर सकाळी गावातली मुलं बसतात, पण त्यांना आमच्या एका पोराचं नाव माहीत नाही. तुम्ही आमच्या आजेसासवांच्या हातचं जेवलात. तुम्हाला आमची नावं माहीत होती.”

सर तिथे थांबले. त्यांनी पाणी घेतलं. ‘शाळेत एकच भाषा’ ही पाटी त्यांनीच जिन्याशी लावली होती, आणि ते खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

“पुढे आहे. ‘तुम्ही दुपारचं सत्र बंद करणार असं ऐकलं. बंद करा. आम्हाला दुपार नकोच. आम्हाला सकाळ पाहिजे.’ संपलं.”

धाकटी खुर्चीत बसली. दुपारचं सत्र वाचवायचं, एवढं धरून ती लढायला उठली होती. त्यांना ते नको असेल, हे तिच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“अशक्य,” दादा म्हणाला. “सर, मी वाईट माणूस नाही, पण डोळे उघडून बोलतो. सकाळच्या पालकांना हे कळलं तर शंभर मुलं काढतील. ते सगळे आईच्या दारात येतील, तुमच्या नाही. तुम्ही काय, भाषण कराल आणि झोपाल. ऐकून घ्यावं लागेल तिला!”

हे मात्र खरं होतं. सरांनी प्रथमच सुनेकडे परवानगी मागितल्यासारखं पाहिलं. “सूनबाई, तुम्ही बोला. मी आज शेवटी सही करीन.”

काकूला राग आला होता. पोरीचा आला होता, शिपायाचा आला होता, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. शिपायाने तिला गोड करून सांगितलं होतं, कारण त्याला नोकरी टिकवायची होती. तिने ते आणखी गोड केलं, कारण बैठक लवकर उरकायची होती. ज्याने त्याने एकेक चमचा साखर घातली, आणि लिहिणारीचा राग पार विरघळून गेला. आणि ते तिकडच्या त्या हमालाचं ऐकून आपण डोळे पुसले मघाशी!

“मेलं ते काढतील तर काढू देत,” ती म्हणाली. “रिकाम्या झालेल्या वर्गात तुझे संगणक घाल. कर सही.”

“आई, तू विचार केलायस का?”

“नाही केला. विचार करायला लागले तर घाबरेन. आण इकडे तो कागद.”

तिने ठराव स्वतः लिहिला: दुपारचं सत्र बंद, एकशे बारा मुलं येत्या सोमवारपासून सकाळच्या वर्गात, जिन्याजवळची पाटी काढावी. पहिली सही तिची. मग धाकटीची, मग बाबांची. दादाने कागद दोनदा वाचला, कपाळावर हात मारला आणि सही केली. “मला विचारू नका हं नंतर,” तो म्हणाला, पण फळ्याच्या बाजूला सरकून बाक किती मावतील ते मोजायलाही लागला. सरांची सही सगळ्यांत खाली आली, त्या संस्थेत पहिल्यांदाच.

*

वस्तीत जाऊन सांगायचं सरांनी तिथल्या तिथे ठरवलं. धाकटी चपला घालू लागली तर म्हणाले, “तू नको. तू गुरुवारी जाणार, आणि जायलाच हवंस, त्या बाईंना सोडू नकोस. पण रोज सकाळी दारात उभं राहायचंय ते सूनबाईंना. त्या येतील.”

भर दुपारी काकू कालव्याच्या पुलावरून सासऱ्यामागे चालली होती. तिथून शाळेची गच्ची दिसत होती. दहा मिनिटांचा रस्ता. एकोणतीस वर्षांत इकडे यायचं कधी काम पडलं नाही, असं ती स्वतःला सांगत होती.

अर्ज लिहिणारी बाई इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. पस्तिशीची असेल. शेजारी कपड्यांचे गठ्ठे, इस्त्रीत धुमसणारे निखारे. सर तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला लागले. शब्द सापडेनात, थांबत होते, पुन्हा सुरू करत होते. आजूबाजूच्या चार-पाच जणी जमल्या. एक म्हातारी सरांना बघून तोंडावर पदर घेऊन हसली आणि मग रडायलाच लागली. इस्त्रीवाली मात्र काकूकडेच बघत होती. तिने सरांना काहीतरी विचारलं.

“काय म्हणतेय?” काकूने विचारलं.

सर जरा घुटमळले. पण आजच्या दिवशी गोड करून सांगायची सोय राहिली नव्हती. “विचारतेय, या कोण? मी सांगितलं, मुख्याध्यापिका. ती म्हणाली, माझी मुलगी सात वर्षं तिथे शिकते, यांना आज पहिल्यांदा पाहिलं.”

सकाळचं सत्र सुटलं की काकू घरी जायची, दुपारी ती कधी थांबलीच नव्हती. “तिला सांगा सर, की मी ठराव केलाय, सोमवारपासून सगळी मुलं सकाळी. सांगा की मला अर्जातलं काही कळलं नव्हतं. त्यांच्या भाषेत होता म्हणून. नाहीतर मी...”

“मला सांगा ना,” इस्त्रीवाली म्हणाली. स्वच्छ, शुद्ध, काकूच्याच भाषेत. “मला येतं तुमचं बोलणं. मी तुमच्याच शाळेत दहावी झालेय. दुपारच्या.”

काकू तिच्याकडे वळली. “मग अर्ज या भाषेत का नाही लिहिला, बाई? मी स्वतः वाचला असता.”

तिने इस्त्री टेकवून ठेवली. आवाज चढवला नाही.

“आधीचे तीन तुमच्याच भाषेत दिले होते.”

काकूने सरांकडे पाहिलं नाही, कुणाकडेच पाहिलं नाही. ते तीन अर्ज कुठल्या फायलीत असतील हे तिला पक्कं माहीत होतं, कारण ‘किरकोळ’ असं त्या फायलीवर तिनेच लिहिलं होतं. तिने कपड्यांचा एक गठ्ठा बाजूला केला आणि रिकाम्या झालेल्या पायरीवर बसली.

“त्या तिन्हींत काय होतं ते सांगा,” ती म्हणाली. “पहिल्यापासून सांगा. मला घाई नाही.”